दिव्यांग मुलाच्या घराशी शाळेचा धागा कसा जोडायचा: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या शिक्षकांसाठी

जूनमध्ये वर्ग हातात येतो. पटावर चाळीसेक नावं असतात आणि त्यातल्या एकदोघांपुढे यू-डायसमध्ये, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, विशेष गरजा असल्याची नोंद असते. काही वेळा नोंदही नसते. मूल मात्र समोर बसलेलं असतं आणि आठवड्याभरात आपल्या लक्षात येतं की याला वेगळ्या हाताची गरज आहे. अशा वेळी नवे शिक्षक बहुधा दोनच गोष्टी करतात. एक तर पालकांना बोलावून तक्रारींचा पाढा वाचतात, नाहीतर मुलाला भिंतीकडच्या बाकावर बसवून वर्ष ढकलतात. या दोन्हींत मुलाचं वर्ष वाया जातं. घर आणि शाळा एकाच छोट्या गोष्टीवर, एकाच पद्धतीने काम करू लागली की मूल पुढे सरकतं. बाकी सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

पालकांना भेटण्याआधी

किमान दोन आठवडे नुसतं बघा. रोज दोन ओळी लिहा: आज काय जमलं, कुठे अडलं. "लक्ष देत नाही" ही नोंद निरुपयोगी आहे. "फळ्यावरचं उतरवताना तीन ओळींनंतर पेन्सिल खाली ठेवतो, तोंडी विचारलं तर बरोबर सांगतो" ही नोंद कामाची. जमलेल्या गोष्टी जास्त भरतील असं बघा, कारण पहिल्या भेटीत त्याच लागणार आहेत.

मागच्या वर्षीच्या बाईंना किंवा सरांना गाठा. जनरल रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख, फाईलमधले थेरपीचे आणि डॉक्टरांचे कागद बघून घ्या. शाळा पालिकेची किंवा अनुदानित असेल तर समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेच्या समावेशित शिक्षण विभागाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गात शिकवण्याचं काम बघणाऱ्या विभागाचे, विशेष शिक्षक शहर साधन केंद्रातून किंवा गट साधन केंद्रातून शाळेत येतात. त्यांच्या भेटीचा वार मुख्याध्यापकांकडून कळून घ्या. ते मूल त्यांच्या यादीत आहे का, हा पहिला प्रश्न.

वेळ ठरवताना घराचं घड्याळ बघा

"पालक येतच नाहीत" ही तक्रार निम्म्या वेळा चुकीच्या वेळेची असते. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये काम करणारे माथाडी वडील पहाटे घर सोडतात, त्यांना दुपारनंतरची वेळ बरी. तुर्भे, रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये पाळीने काम करणाऱ्यांची पाळी बदलते आणि सुटी रविवारीच असेल असं नाही. दिवा-मुंब्र्याहून मुंबईला नोकरीला जाणारे रात्री नऊशिवाय घरी पोचत नाहीत. घरकाम करणाऱ्या आईची अकरा ते एक ही वेळ म्हणजे दोन घरांची भांडी. तेव्हा बोलावलंत तर तिचा खाडा पडतो. म्हणून चिठ्ठीत "सोमवारी 11 वाजता भेटावे" असं लिहू नका. "या आठवड्यात तुम्हाला कधी जमेल? सकाळी सात, दुपारी तीन की शनिवारी शाळा सुटल्यावर?" असं विचारा.

मुलाला दिवसभर कोण सांभाळतं ते आधी विचारा. ती आजी असेल, आत्या असेल, तर आईबरोबर तिलाही बोलवा. घरात नियम आजीचा चालत असेल आणि भेटीला आईच आली असेल, तर ठरलेलं सगळं उंबरठ्याच्या आत गेल्यावर विरून जातं.

घरात आगरी, हिंदी, भोजपुरी, उर्दू, कन्नड काहीही बोलत असतील. दुभाषी म्हणून मोठ्या भावंडाला उभं करू नका. नऊ वर्षांच्या बहिणीला आपल्या भावाविषयीच्या कठीण गोष्टी आईला सांगायला लावणं बरोबर नाही. त्या भाषेतला एखादा सहशिक्षक शोधा.

पहिली भेट

चाळीस मिनिटं पुरतात, पण ती बसून व्हायला हवी. शाळेच्या दारात, इतर पालकांच्या देखत, शाळा सुटायच्या गर्दीत बोलू नका. खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला ठेवा. मुख्याध्यापक, विशेष शिक्षक, वर्गशिक्षक असे तिघे एका ओळीत आणि समोर एकटी आई, अशी मांडणी झाली की ती आरोपीसारखी बसते आणि सगळ्याला "हो हो" म्हणून निघून जाते.

सुरुवात जमलेल्या गोष्टीने करा, आणि ती नेमकी असू द्या. "तुमची मुलगी छान आहे" म्हणून काही होत नाही. "ताई, परवा डबा खाताना तिने शेजारच्या मुलीला पाणी दिलं, कुणी सांगितलं नव्हतं" हे ऐकल्यावर आई मान वर करून बघते. मग विचारा आणि लिहून घ्या:

घरी ती कुठल्या गोष्टी स्वतः करते? काहीतरी हवं असलं की कसं सांगते: शब्दाने, हात धरून, बोट दाखवून की रडून? कशाने घाबरते, कशाने शांत होते? झोप किती, रात्री उठते का? औषध कोणतं, किती वाजता? थेरपी कुठे, कुठल्या वारी? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: या वर्षात एक गोष्ट जमली पाहिजे असं वाटत असेल तर ती कोणती?

या शेवटच्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागतो. थांबा, मध्ये बोलू नका. शिक्षकांच्या मनात अक्षरओळख असते आणि आईच्या तोंडून येतं, "शू लागली की सांगायला शिकू दे." तेच पहिलं उद्दिष्ट धरा. ते जमलं तर मूल वर्गात निर्धास्त बसेल आणि आईचा तुमच्यावर विश्वास बसेल, मग अक्षरं येतीलच.

तीन गोष्टी त्या खोलीत बोलायच्याच नाहीत. दुसऱ्या मुलाशी तुलना. "गरोदरपणात काही झालं होतं का?" हा प्रश्न, तो डॉक्टरांचा आहे, आणि आईने तो सासरी हजारदा ऐकलेला असतो. आणि "याला स्पेशल स्कूलमध्ये घाला." दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 31 नुसार लाक्षणिक दिव्यांगत्व, म्हणजे 40 टक्के किंवा जास्त, असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निवड कुटुंबाची आहे. विशेष शाळेची माहिती विचारली तर जरूर द्या, पण बाहेरची वाट दाखवल्यासारखी देऊ नका. आईने रोज वर्गात बसावं अशी अटही घालू नका. तिचा रोजगार बुडतो आणि मूल तिच्याशिवाय काहीच करायला शिकत नाही.

शंका असेल पण निदान नसेल तेव्हा

"मला वाटतं तुमच्या मुलाला ऑटिझम आहे." हे वाक्य कोणत्याही शिक्षकाने उच्चारू नये. निदान आपलं काम नाही, निरीक्षण आपलं आहे. असं सांगा: "तीन आठवडे मी बघतोय. मागून हाक मारली की तो वळत नाही, समोरून मारली की वळतो. आधी कान तपासून घेऊया का?" कान आणि डोळे नेहमी आधी. मंद म्हणून वर्षानुवर्षं मागे बसवलेल्या मुलाला कमी ऐकू येत होतं, असं निघणं दुर्मिळ नाही.

एनसीईआरटीच्या प्रशस्त ॲपवर वर्गशिक्षकासाठी दिव्यांगत्वाच्या प्राथमिक पडताळणीची सूची आहे. ती भरून विशेष शिक्षकांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी हे मूल हजर राहील याची काळजी घ्या आणि पथकाच्या हातात तुमच्या नोंदींची प्रत द्या. पुढच्या तपासणीसाठी ठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, नवी मुंबईत महापालिकेचं वाशीचं ईटीसी केंद्र (दिव्यांगांसाठीचं शिक्षण, प्रशिक्षण आणि सेवा केंद्र), बौद्धिक दिव्यांगत्वासाठी खारघरमधलं राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आणि ऐकण्या-बोलण्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, अशी नावं कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं रिक्षात बसेपर्यंत विसरलं जातं.

काही वडील ऐकूनच घेत नाहीत. "मीसुद्धा उशिरा बोललो होतो, होईल ठीक." वाद घालू नका. "ठीक आहे दादा, तपासणी नंतर बघू. तोवर ही एक गोष्ट घरी करून बघाल का?" असं म्हणून काम सुरू करा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसलं म्हणून मदत थांबत नाही. महिन्याभराने तेच वडील पुन्हा विषय काढण्याची शक्यता बरीच असते.

एक काम, एकच पद्धत

वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, म्हणजे त्या एका मुलासाठी बनवलेल्या वर्षाच्या योजनेत, वीस उद्दिष्टं लिहिलेली दिसतात आणि डिसेंबरमध्ये एकही पूर्ण झालेलं नसतं. तीन महिन्यांसाठी तीनपेक्षा जास्त घेऊ नका: एक अभ्यासाचं, एक स्वावलंबनाचं, एक संवादाचं. प्रत्येक मोजता आलं पाहिजे. "स्वावलंबी होईल" असं लिहून भागत नाही. "पाचपैकी चार दिवस स्वतः डबा उघडून खाईल" असं लिहा.

डब्याचंच घ्या. मोठ्यांना ही एक क्रिया वाटते, मुलासाठी त्या सहा आहेत: दप्तरातून डब्याची पिशवी काढणं, पिशवी उघडणं, डबा बाकावर ठेवणं, एका हाताने डबा दाबून धरणं, दुसऱ्या हाताने क्लिप वर ओढणं, झाकण उचलून बाजूला ठेवणं. शिकवायला शेवटच्या पायरीपासून घ्या. पहिल्या आठवड्यात पाच पायऱ्या आपण करायच्या, झाकण मात्र त्याने उचलायचं. यश आणि खाऊ एकदमच समोर येतात, म्हणून मूल उत्साहाने करतं. ते जमलं की क्लिप आणि झाकण, मग एकेक पायरी मागे. क्लिप घट्ट असेल तर डबा बदला. मुलाच्या बोटांत ताकद कमी असताना घट्ट क्लिपशी झगडायला लावून फक्त हट्ट तयार होतो.

आता यात घर कुठे येतं? घरी तोच डबा, त्याच सहा पायऱ्या, तेच शब्द. शाळेत "दाब आणि ओढ" म्हणत असाल तर घरी "चल उघड पटकन" चालणार नाही. पायऱ्या कागदावर चित्रांसकट लिहून एक प्रत घरी, एक बाकाला चिकटवा. आईला नुसतं सांगू नका, शाळेत तिच्यासमोर एकदा करून दाखवा आणि मग तिला करायला सांगा. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं: शाळेत मूल स्वतः खातं आणि घरी उशीर होतो म्हणून आजी भरवते. आजीवर रागावून उपयोग नाही. सकाळची घाई तिला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. "सकाळी भरवा आजी, पण रात्रीचं जेवण त्याच्या हाताने" अशी तडजोड चालते, कारण ती पाळली जाते.

नोंद साधी ठेवा. प्रत्येक पायरीपुढे स्वतः केलं तर बरोबरची खूण, हात धरून केलं तर "म", नाही केलं तर शून्य. दर शुक्रवारी दोन्ही कागद शेजारी ठेवा. शाळेत खुणा आणि घरी शून्य असतील तर पद्धत वेगळी आहे, मुलाची चूक नाही. घरी खुणा आणि शाळेत शून्य असतील तर नीट विचार करा: वर्गातला गोंगाट, घाई किंवा बाकाची उंची अडवतेय.

संपर्काची वही

साधी शंभर पानी वही, प्लॅस्टिकचं कव्हर (पावसाळ्यात दप्तरं भिजतात), दप्तराच्या पुढच्या कप्प्यात कायमची. रोज तीन ओळी: आज जमलं, आज अडलं, घरून कळवायचं. तिसरी ओळ पालकांची: झोप झाली नाही, औषध बदललं, पाहुणे आलेत. लिहायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ही सवय महिनाभरही टिकणार नाही. आणि सलग तीन दिवस फक्त "अडलं"ची ओळ भरली असेल तर चौथ्या दिवशी वही उघडायची आईला भीती वाटू लागते, हे लक्षात ठेवा.

वाचता न येणाऱ्या पालकांना व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश पाठवा. वर्गाच्या ग्रुपवर त्या मुलाविषयी एक शब्दही लिहू नका, कौतुकाचासुद्धा नाही. मूल रडत-ओरडत असतानाचा व्हिडिओ काढून "बघा काय करतोय" म्हणून पाठवणं तर पूर्ण बंद. त्या आईला तो रात्रभर छळतो आणि पुढे कुणाकुणाच्या फोनवर जातो ते आपल्या हातात राहत नाही.

वर्तन बिघडतं तेव्हा

आठवडाभर तीन रकान्यांची नोंद ठेवा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. घरीही हेच तीन रकाने भरायला द्या. मग नमुना दिसतो. प्रार्थनेचा माइक लागला की कान झाकून पळतो. गणिताचा तास आला की चावतो आणि त्याला बाहेर काढलं जातं, म्हणजे चावल्यावर गणित टळतं हे तो शिकला. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजला की रडतो. गणपतीत मिरवणुकीच्या ढोल-डीजेने रात्रभर झोप नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत चिडचिड. हे कारण घरून कळल्याशिवाय शिक्षकाला कधीच कळणार नाही. उपाय कारणावरून काढा: माइकपासून लांब उभं करणं, गणिताचं काम पाच उदाहरणांऐवजी दोन करून मग उठायची परवानगी, "बस झालं" सांगायला एक चित्रकार्ड.

इतर पालक तक्रार घेऊन आले तर मुलाचं निदान, औषध, घरची स्थिती यातलं काहीही त्यांना सांगायचं नाही. "तुमच्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी मी अमुक केलं आहे" इतकंच.

फिट, औषध, स्वच्छता

फिट येणाऱ्या मुलाच्या पालकांकडून लेखी घ्या: फिट कशी दिसते, साधारण किती वेळ टिकते, औषध कोणतं, कुणाला फोन करायचा. फिट आली की घड्याळ बघा, आजूबाजूच्या वस्तू हटवा, मुलाला कुशीवर वळवा, कॉलर सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही. घरी हे करत असतील तर भेटीत प्रेमाने समजावून सांगा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर 108 ला फोन. डॉक्टरांनी तातडीचा नाकातला स्प्रे लिहून दिला असेल तर चिठ्ठीची प्रत आणि पालकांची लेखी संमती शाळेत हवी.

शौचासाठी किंवा कपडे बदलायला मदत लागत असेल तर कोण करणार, कुठे करणार, हे पालकांसमोर ठरवून लिहा. मुलीसाठी बाईच. मोठ्या मुलींच्या पाळीविषयी आईशी आधीच बोला, एक जोड कपडे आणि पॅड शाळेच्या कपाटात ठेवा. नजर चुकवून निघून जाणारं मूल असेल तर खिशात फोन नंबरचं कार्ड, व्हॅनवाल्या काकांना मूल कुणाच्या हाती द्यायचं त्याची नावं, आणि शाळा रेल्वे रुळाजवळ किंवा खाडीजवळ असेल तर फाटकावर रोजचा एक माणूस.

कागदपत्रं

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद लागतात. मग तपासणीसाठी रुग्णालयात जावं लागतं. अर्ज अडतो तो बहुतेकदा नावात. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या रजिस्टरला दुसरं, रुग्णालयाच्या केसपेपरवर तिसरं. अर्ज भरण्याआधी हे तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. पालकांच्या दोन फेऱ्या वाचतात, आणि दोन फेऱ्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी.

समग्र शिक्षातून मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, दिव्यांग मुलींना दरमहा 200 रुपयांप्रमाणे 10 महिने प्रोत्साहन भत्ता अशा तरतुदी आहेत, आणि व्हीलचेअर, श्रवणयंत्र यांसाठी मोजमाप शिबिरं होतात. यासाठी मुलाची यू-डायस नोंद बरोबर हवी. ती भरणं शाळेचं काम आहे, पालकांचं नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगत्व असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. ती पालकांना बरेचदा माहीत नसते.

अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचं झाल्यावरच मिळतं, आणि वयाच्या 14 व्या व 18 व्या वर्षी फेरतपासणी होते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. चाचण्या एका दिवसात होत नाहीत आणि तारीख लांबची मिळू शकते, म्हणून दहावीच्या परीक्षेतल्या सवलती डोळ्यांसमोर ठेवून आठवीतच नाव नोंदवा. या सवलतींचा बोर्डाकडचा प्रस्ताव शाळेमार्फत मुंबई विभागीय मंडळाकडे, म्हणजे वाशीला जातो. जादा वेळ ताशी 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक (मूल सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा) घ्यायचा असेल तर नववीपासून सराव हवा: उत्तर वाक्यावाक्याने सांगणं, लेखनिकाच्या वेगाने थांबणं, "नवा परिच्छेद" म्हणणं. हे घरी मोठ्या भावंडाबरोबर रोज पंधरा मिनिटं करता येतं. सवलत मिळाली पण वापरता आली नाही, असं सरावाविना होतं.

मे महिना आणि पुढचा वर्ग

सुटीत कुटुंब गावी जातं. दीड महिना पायऱ्या सुटतात आणि जूनमध्ये अर्धं पुन्हा शिकवावं लागतं. जाड वर्कबुक देऊ नका, ते पिशवीतून बाहेरच येत नाही. तिन्ही उद्दिष्टांतलं एकच काम द्या, गावी करता येईल असं, आणि ते कोण करून घेणार त्या माणसाचं नाव लिहा: काका, आजोबा, जो कोणी असेल तो.

एप्रिलमध्ये, निकालाच्या दिवशी नाही तर त्याच्या आधी, पालकांना बसवून पुढच्या शिक्षकासाठी एक पान लिहा. काय जमतं, कशाने शांत होतो, काय केल्याने बिघडतं, कुठले शब्द घरी आणि शाळेत सारखे वापरले जातात, औषधाची वेळ, दिवसभर सांभाळणाऱ्याचा फोन. पान पालकांच्या शब्दांत असू द्या, त्यांना वाचून दाखवा, त्यांची सही घ्या. एक प्रत फाईलला, एक त्यांच्या हातात. मुख्याध्यापकांनी वर्गवाटप केलं की पुढच्या शिक्षकांशी त्यांची समोरासमोर ओळख करून द्या. शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात मुलाला रिकामा वर्ग, त्याचा बाक आणि शौचालय एकदा दाखवून आणा.